तिच्या वाट्याचा खिळा

घर कसलं, लाकडाचं खोकंच ते. एक खोली, तिला चिकटून दोन माणसं एकमेकांना धक्का दिल्याशिवाय वळू शकणार नाहीत एवढं स्वयंपाकघर, पुढे तीन पायऱ्या आणि पायऱ्यांसमोर झाडं. मागेही झाडं. डावीउजवीकडचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी ढोलबाई दारात उभी राहिली, तिने चारी बाजूंना मान फिरवली, पायातले जोडे काढले, अनवाणी तळवा फळ्यांवर टेकवला आणि डोळे मिटून जरा वेळ थांबली. मग तिने निकाल दिला.

"बंद आहे!"

"काय बंद आहे?" गाडीतून गादी ओढता ओढता तारमास्तर ओरडले.

"सगळंच! जमीन हलत नाही, भिंत हलत नाही. निपचित पडलंय नुसतं!"

आता हे असं का, ते सांगायला हवं. दोघांची अडतीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात गेली. तारमास्तर तारेच्या मशीनवर. एका बाजूने वेटोळ्यातली तार आत जायची, दुसऱ्या बाजूने खिळे पडायचे, आणि प्रत्येक खिळ्यामागे एक घाव. अशी चाळीस मशीनं एका छपराखाली. तिथून खिळे यायचे ढोलबाईकडे. तिच्याकडे लोखंडाचे तीन फिरते ढोल होते. त्यांत खिळे आणि लाकडाचा भुसा एकत्र घालून फिरवायचं, म्हणजे खिळ्यांवरचं तेल आणि कडांची कसर निघून जाते आणि ते चकचकीत होऊन बाहेर पडतात. किती वेळ फिरवायचं, हे घड्याळ सांगत नाही. ढोलबाई ढोलाच्या चौकटीवर तळहात ठेवायची. आधी हाताला खरखर लागते. खरखर जाऊन नुसती गुणगुण उरली की खिळे झाले. तिचा तळहात अडतीस वर्षांत एकदाही खोटं बोलला नव्हता.

राहायची खोलीही कारखान्याच्या भिंतीला लागूनच. तिथली जमीन दिवसरात्र थरथरायची, फळीवरचे कप किणकिणायचे. किणकिणत असावेत, असं आपलं म्हणायचं, कारण दोघांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. जाड आवाज अर्धेमुर्धे पोचायचे, बारीक आवाजांना दार बंद. म्हणून दोघं बोलायची ती तार सप्तकात. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, आज घटस्फोट होणार.

पुढे लोखंडाची भुकटी तारमास्तरांच्या छातीत उतरली. दोन जिने चढायला त्यांना चार थांबे लागायला लागले. डॉक्टर म्हणाले, धूर नसेल तिथे राहा, नाहीतर मी हात टेकले. जावयाच्या ओळखीत कोणा मोजणीदाराचं हे रानातलं घर रिकामं होतं. लेकीने सगळं जुळवून आणलं. ढोलबाईने मात्र निघतानाच अट घातली होती.

"एक महिना. महिन्याने तू गाडी घेऊन यायचंस. मला करमलं तर ठीक, नाहीतर मी तुझ्याकडे येणार. बाबांना राहायचं तर राहू देत."

राहू देत म्हणे! अडतीस वर्षांत ज्या माणसाने तिच्यावाचून एक घास गिळला नाही, तो एकटा राहणार होता? ती निघाली असती तर ते मुकाट्याने मागोमाग निघाले असते, आणि लेकीचं घर होतं चिमण्यांच्या धुरातच. म्हणजे नाव ढोलबाईच्या करमण्याचं असलं, तरी सवाल तारमास्तरांच्या श्वासाचा होता. हे ढोलबाईला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ती जास्त चिडत होती. करमणं ही काय ओढून आणायची गोष्ट आहे?

कारखान्याने निरोपाला एक पेटी दिली होती, सगळ्या मापांच्या खिळ्यांची. तारमास्तरांनी त्याच संध्याकाळी हातोडी काढली. कंदिलाला एक, कढईला एक, टॉवेलला एक, त्यांच्या कोटाला जरा दणकट असा एक. मग तोंडात खिळा धरून त्यांनी विचारलं, "तुझ्या शालीला कुठे ठोकू गं?"

"माझ्यासाठी ठोकायचा नाही! माझी शाल बोचक्यात बरी आहे!"

तारमास्तरांनी तोंडातला खिळा काढून पेटीत ठेवला. दाराशी बोचकं गाठ बांधलेलं पडून राहिलं.

संसार मात्र कोणाच्या रुसण्यासाठी थांबत नाही. ओली लाकडं चुलीत घातली की धूर डोळ्यांत जातो, हे पहिल्या सकाळी कळलं. घरामागचा हातपंप आधी तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय पाणी देत नाही, हे दुसऱ्या सकाळी. तारमास्तर लाकूड फोडायला शिकले. आधी कुऱ्हाड लाकडात अडकायची आणि लाकडासकट वर यायची. ढोलबाई पायरीवर बसून सूचना करायची आणि ते उत्तरं द्यायचे. एवढ्या रानात दोन माणसं, पण गर्दीच्या बाजाराला मागे टाकतील असा गलबला. मधून हातोडी होतीच. कुठली फळी सैल दिसली की तारमास्तरांचे हात शिवशिवायचे.

आठवड्यातून दोनदा सायकलवरून टपालवाली यायची. उंच, सडपातळ, हसरी बाई.

"मावशी, आज भाजी खारट झाली ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच! मी पुलावर होते तेव्हा काका म्हणाले खारट, तुम्ही म्हणालात गिळा."

पूल तिथून चांगला अर्ध्या तासावर. ढोलबाईने पदराआड हसू दाबलं. टपालवाली पायरीवर टेकली आणि झाडांकडे बघत म्हणाली, "मोजणीदार राहायचे तेव्हा पायरीपर्यंत हरणं यायची हो. पाखरं तर खिडकीत. तुमच्याकडे येतात का?"

"पाखरू? सतरा दिवस झाले, मला एक कावळा दिसलेला नाही! रिकामं रान आहे तुमचं. रिकामं आणि बंद!"

टपालवाली काही बोलणार होती, पण पाहुण्यांना लागेल असं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने सायकल उचलली आणि गेली.

त्याच दिवशी तारमास्तरांचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग तेल न घातलेल्या चाकासारखा किरकिरायला लागला, दुपारी नुसती हवा. दोघं पुलापलीकडच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान. घशात बॅटरी मारून ती म्हणाली, "छाती छान आहे. आधीच्या कागदांवर आहे त्यापेक्षा पुष्कळ छान. पण गळा सुजलाय. रानात राहून एवढं ओरडलात कोणावर?"

तारमास्तरांनी बोट बायकोकडे केलं.

"दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही. आणि आजी, तुम्हीही बोलायचं नाही. तुम्ही बोललात की ते उत्तर देणार."

"मग घरात बोलायचं कोणाशी?" ढोलबाईने विचारलं. डॉक्टरीणबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

घरी येऊन दोघं समोरासमोर बसली. जेवण झालं. ढोलबाईला काहीतरी सांगायचं होतं, तिने तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात तारमास्तरांनी उजव्या हाताने कानाची पाळी चिमटीत धरली.

ढोलबाईच्या अंगावर शहारा आला. कान धरणं म्हणजे चहा!

कारखान्यात मशीनं चालू असताना ओरडण्याचाही उपयोग नसायचा. तिथली भाषा हातांची. कान म्हणजे चहा. खांद्यावर मूठ म्हणजे मुकादम आला. बोट हवेत गोल फिरवलं की चालू, आडवं मारलं की बंद. छातीवर सपाट तळहात म्हणजे माल उत्तम आहे, आता कोणी हात लावू नका. तरुणपणी या भाषेत तारमास्तरांनी चाळीस मशीनांच्या पलीकडून तिला मागणी घातली होती, आणि तिने मुकादमाच्या पाठीमागून होकार कळवला होता. कामावरून सुटल्यापासून ती भाषा दोघांनी घडी घालून ठेवली होती. आता ती घडी उलगडली, आणि वेळ कसा गेला ते कळलं नाही. दोघं इतकी बोलली आणि इतकी हसली, पण घरात चमचा पडल्याएवढाही आवाज नाही.

अडचण एकच होती. या भाषेत खिळे होते, तेल होतं, पगारवाढ होती, संपही होता. झाड नव्हतं, ओढा नव्हता. मग झाडासाठी सहा इंची खिळ्याची खूण ठरली, आणि दगडासाठी मुकादमाचं डोकं.

बोलणं थांबलं तशी हातोडीही थांबली. हात बोलण्यात गुंतलेले, ठोकणार कशाने?

तिसऱ्या दिवशी सकाळी ढोलबाई चुलीपाशी होती. तारमास्तर खिडकीशी उभे होते. त्यांनी चिमटीत हवा धरली, म्हणजे अर्धा इंची खिळा, आणि चिमूट वर उडवली. उडालेला अर्धा इंची खिळा? म्हातारा भ्रमला की काय, म्हणून ती उठली. खिडकीच्या लाकडावर अंगठ्याएवढं पाखरू बसलं होतं. पोटाशी पिवळं. त्याची चोच उघडत होती, गळा फुगत होता, सगळं अंग त्या गाण्याने हलत होतं. ढोलबाईला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण एवढ्याशा जिवाला एवढा जोर लावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती हलली नाही.

त्यानंतर रोज काहीतरी नवं. खारी आल्या. डोक्यावर तुरा असलेलं एक पाखरू येऊन पायरीवर असं चालून गेलं, जणू घराचा मालक पाहणी करतोय. आणि सहाव्या दिवशी तारमास्तर बाहेरून पाय न वाजवता आत आले, चेहरा पांढराफटक, आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटं कानांच्या वर उभी केली.

ढोलबाई गोंधळली. ही खूण होती मालकाच्या मेहुण्याची. त्याला टक्कल होतं आणि कानांवर दोन झुबके. मालकाचा मेहुणा इथे? या रानात? आपली काही चौकशी निघाली की काय? घाईघाईने पदर सारखा करून ती दारात आली.

अंगणात हरीण उभं होतं.

शिंगांवर दव होतं. पाठीवरची कातडी मधेच थरकायची आणि शांत व्हायची. नाकातून वाफ निघत होती. ढोलबाईने आयुष्यभर तयार माल पारखला होता, त्यामुळे नजर आपोआप कडांवरून फिरली. खूर पाहिले, पापण्या पाहिल्या, कानाच्या आतली बारीक लव पाहिली. कुठे कसर नाही. कुठे खोट नाही. हे कोणी घडवलं असेल आणि घासून पुसून असं पहाटेच्या उजेडात आणून ठेवलं असेल, तर त्याच्या हाताला काय म्हणायचं? तिचे डोळे भरून आले. हरणाने तिच्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं, घाई न करता. मग ते वळलं आणि सहा इंची खिळ्यांमधून चालत निघून गेलं.

दोघं पायरीवर बसली. मग ढोलबाईचे हात हलले. खूण साधी होती. एक बोट स्वतःकडे, एक त्यांच्याकडे, मग मूठ तोंडाशी धरून वर फेकलेली. तू आणि मी, भोंगा.

तारमास्तरांनी मान डोलावली. रान रिकामं नव्हतं. सतरा दिवस दोन भोंगे वाजत होते आणि सगळं रान जीव मुठीत धरून दूर उभं होतं. आणि वर ही बाई त्यालाच रिकामं म्हणत होती!

एवढं झालं तरी बोचक्याची गाठ सुटली नाही, हे खरं. पाहणं वेगळं आणि राहणं वेगळं. आडवं झालं की पाठीखालची जमीन मुकीच असायची. अडतीस वर्षं जिने तिला झुलवून निजवलं ती थरथर नव्हती, आणि तिच्यावाचून ढोलबाईला असं वाटायचं की आपलंच कोणीतरी बटण दाबलंय. पुन्हा तारमास्तर हल्ली हातपंपावरून दोन बादल्या न थांबता आणत. तेही तिला दिसत होतं. रोज त्यांचे थांबे मोजायची सवय असलेल्या बाईला मोजायला थांबाच उरला नव्हता. मी गाडीत बसले तर हे थांबे परत येणार, आणि नाही बसले तर मी इथे जागी राहणार. पाखरं पाहून झोप येते का?

मौनाचे दहा दिवस संपले. पहिला शब्द कोणी काढायचा, या मानापमानात तो कोणीच काढला नाही. उद्या लेक येणार होती. ढोलबाई सकाळी ओढ्यावर गेली, परतताना चढावर दम लागला, म्हणून वाटेतल्या जुन्या झाडाशी टेकली. झाड एवढं जाड की तिघांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही. टेकताना तिचा तळहात खोडावर पडला. दमलेला माणूस कशालाही धरतो, त्यात नवल नाही.

तळहात तिथेच राहिला.

तिने श्वास रोखला. दुसरा हात लावला. कान बिचारे काय सांगणार, त्यांना तिने विचारलंच नाही. डोळे मिटले आणि अडतीस वर्षं जसं केलं तसं केलं. नुसती वाट पाहिली.

हलत होतं. आत काहीतरी चालू होतं. खोल, सलग, एका लयीत. आणि खरखर? तिने बोटं पसरून शोधली. खरखर नव्हतीच. नुसती गुणगुण.

कळशी तिथेच टाकून ती उरलेल्या चढावर धावत सुटली, या वयात! तारमास्तर अंगणात लाकूड फोडत होते. तिने त्यांचा हात धरून ओढलं. ते घाबरले, खांद्यावर मूठ ठेवून पाहिली, काय, मुकादम आला? ती थांबेना. झाडाशी आणून तिने त्यांचे दोन्ही हात खोडावर दाबले आणि समोर उभी राहून त्यांचा चेहरा वाचू लागली.

आधी त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग भुवया वर गेल्या. मग त्यांनी एक हात सोडवला आणि बोट हवेत हळूहळू गोल फिरवलं.

चालू.

दोघांनी वर पाहिलं. दोन पुरुष उंचीवर खोडाला एक ढोली होती, आणि तिच्या तोंडाशी उन्हात सोन्याची भुकटी उडावी तशा मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. शेकडो की हजारो, कोणी मोजाव्यात. कोणी धडकत नव्हती, कोणी थांबत नव्हती. ना मुकादम, ना भोंगा, ना पाळीची घंटा. हे झाड तिच्या आजीच्या आधीपासून उभं असेल, आणि आत हा कारखाना चालू. ज्याने तो चालू केला त्याने कधी बंदचं बोट आडवं मारलं नव्हतं. आणि आपण येऊन दारात जोडे काढले आणि म्हणालो, बंद आहे!

ढोलबाईला वाटलं, आपण किती लहान आहोत. आणि नवल असं, की त्या लहान होण्याने तिला हलकं वाटलं. तिने कपाळ खोडाला टेकवलं. थरथर कपाळातून मानेत आणि मानेतून पाठीत उतरली. सालीला ओल्या भुशाचा वास होता. हा वास तिच्या ओळखीचा होता, तिच्या लुगड्यांना, तिच्या केसांना येणारा वास. भुसा कारखान्यात कुठून यायचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

मागे सरकून तिने झाडाकडे पाहिलं आणि तळहात सपाट छातीवर ठेवला. माल उत्तम आहे. आता कोणी हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी लेक आली ती हॉर्न वाजवतच. आई-बाबांना ऐकू जायचं तर तसंच यावं लागतं, ही तिची लहानपणापासूनची समजूत. पण या वेळी दोघं दारातून एकदम बाहेर आली आणि दोघांचंही बोट ओठांवर.

"काय झालं? भांडलात?" लेक ओरडली.

आईने आडवं बोट मारलं. लेकीला ती भाषा येत होती, ढोलाच्या बाजूला टोपलीत झोपूनच ती मोठी झाली होती. तिने मुकाट्याने गाडीचं इंजिन बंद केलं.

आत येऊन तिने दाराशी पाहिलं. बोचकं तिथेच होतं, गाठ मारलेलं. तिचा चेहरा उतरला. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, त्यांच्या भरलेल्या गालांकडे, आणि बोचकं उचलायला वाकली.

"ठेव ते," ढोलबाई म्हणाली.

अकरा दिवसांतला तो पहिला शब्द. आणि तो इतका हळू होता की लेकीला वाटलं, दुसरंच कोणी बोललं.

"आई? तुझा आवाज..."

"एवढाच पुरतो इथे. चहा घे, मग तुला एक झाड दाखवायचंय. तुझे हात स्वच्छ आहेत ना?"

मग ती खाली बसली, बोचक्याची गाठ दातांनी सोडवली, कारण महिनाभरात ती चांगलीच आवळली होती, आणि शाल बाहेर काढून झटकली. तारमास्तर कोपऱ्यात उभे होते. ढोलबाईने त्यांच्याकडे पाहून दोन बोटं दाखवली. दोन इंची.

ते पेटीशी गेले आणि परत आले. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात हातोडी. भिंतीवर, त्यांच्या कोटाच्या शेजारी, त्यांनी जागा धरली, आणि हात उगारून थबकले. बाहेर खिडकीच्या लाकडावर पिवळ्या पोटाचं ते पाखरू येऊन बसलं होतं, गळा फुगवून गात होतं.

"अहो, थांबा जरा," ढोलबाई म्हणाली. "त्याचं होऊ द्या."

आणि तिघं तशीच उभी राहिली. खिळा भिंतीला टेकलेला, हातोडी हवेत, शाल हातावर.